काही पात्रे मनात घर का करतात: संकलनाच्या टेबलावरून एक उत्तर

अभिनयाचे शिक्षण घेणाऱ्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न आहे. तो दर आठवड्याला दोन-तीन चित्रपट पाहतो, त्यांतले बरेचसे अभिनय त्याला उत्तम वाटतात, पण महिन्याभरात ते पुसट होतात. उलट लहानपणी एकदाच पाहिलेले एखादे पात्र अजूनही त्याच्या डोळ्यांसमोर जसेच्या तसे उभे राहते. हा फरक अभिनेत्याच्या गुणवत्तेचा आहे, लेखनाचा आहे, की संवाद गाजल्यामुळे आपल्याला तसे वाटते, असे त्याने विचारले आहे.

मी गेली सत्तावीस वर्षे चित्रपटांचे संकलन करते. सुरुवातीची काही वर्षे स्टीनबेक या संकलनयंत्रावर प्रत्यक्ष फिल्म कापण्यात गेली आणि पुढची सगळी संगणकासमोर. या कामात एक गोष्ट अशी घडते, जी प्रेक्षकाच्या वाट्याला कधीच येत नाही. तेच वाक्य, तोच अभिनेता, तोच प्रकाश, आणि समोर आठ-दहा टेक, म्हणजे त्याच शॉटची पुन्हा पुन्हा केलेली चित्रीकरणे. सगळे टेक कानाला सारखे वाटतात, पण त्यांतला एखादा पाहिल्यावर हात आपोआप थांबतो. तो एकच टेक का थांबवतो, याचा शोध घेण्यातच माझे अर्धे आयुष्य गेले आहे, आणि विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे माझे उत्तरही त्याच शोधातून आलेले आहे. माझ्या मते, जे पात्र आपल्यासमोर विचार करताना दिसते आणि त्या विचाराचा काही भाग स्वतःजवळ राखून ठेवते, ते टिकते. तो राखून ठेवलेला भाग प्रेक्षक स्वतः भरतो, आणि स्वतः भरलेले माणूस सहसा विसरत नाही.

हे मला ज्या दृश्याने शिकवले ते आधी सांगते. सत्तरी ओलांडलेली एक अभिनेत्री, हातात मुलाचे पत्र, आणि त्या पत्रात तो येणार नसल्याचे लिहिलेले. संवाद एकही नव्हता. दिग्दर्शकाला अश्रू हवे होते. चौथ्या टेकमध्ये ते अगदी हवे तसे आले: डोळे भरले, ओठ थरथरले, आणि प्रकाश बरोबर गालावर पडला. सहाव्या टेकपर्यंत बाई थकल्या होत्या आणि डोळे कोरडेच राहिले. त्या टेकमध्ये त्यांनी चष्मा पदराने पुसला, पत्र वाचले आणि ते पुन्हा मिटायला घेतले. पहिली घडी चुकीच्या रेषेवर पडली. त्यांनी पत्र परत उलगडले, जुनी रेषा बोटाने चाचपली आणि त्याच रेषेवर नीट घडी घातली. मग ते पत्र कुठे ठेवावे हे न सुचल्यासारख्या त्या दोन-तीन क्षण नुसत्या उभ्या राहिल्या. एवढेच.

मी दोन्ही टेक लावून दृश्य दोन प्रकारे जोडले आणि युनिटमधल्या वेगवेगळ्या लोकांना दाखवले. चौथा टेक पाहिला की लोक अभिनेत्रीविषयी बोलत. काय रडल्या आहेत, म्हणत. सहावा टेक पाहिला की अभिनेत्रीचे नाव कोणीच काढत नसे. लोक मुलाविषयी बोलत. तो का येणार नसेल, आधीही असेच झाले असेल का, बाईंनी ती सगळी पत्रे जपून ठेवली असतील का. पत्रात नसलेल्या आणि पटकथेतही नसलेल्या गोष्टी लोक त्या घडीतून वाचत होते. चष्म्याच्या बाबतीत कंटिन्युइटीची, म्हणजे आधीच्या-नंतरच्या शॉटशी जुळण्याची, लहानशी चूक असूनही चित्रपटात सहावा टेकच गेला, आणि त्या दिवसापासून मी अभिनयाकडे पाहण्याची माझी पद्धत बदलली.

हाच मुद्दा सर्वांनी पाहिलेल्या एका दृश्यावर तपासता येतो. 1972 सालच्या ‘द गॉडफादर’मध्ये मायकेल कॉर्लिओनी रेस्टॉरंटमध्ये दोन माणसांना गोळ्या घालतो. त्याला आधी बजावलेले असते की स्वच्छतागृहात लपवलेले पिस्तूल घेऊन बाहेर आल्याबरोबर गोळ्या झाडायच्या. तो बाहेर येतो आणि झाडत नाही. पुन्हा खुर्चीवर येऊन बसतो. समोरचा माणूस इटालियनमध्ये बोलत राहतो, त्या बोलण्याला उपशीर्षके नाहीत, आणि कॅमेरा हळूहळू मायकेलच्या चेहऱ्याकडे सरकतो. अल पचिनो त्या वेळी जवळजवळ काहीच करत नाही. फक्त डोळे हलतात, तेही समोरच्याकडे पाहत असल्यासारखे आणि पाहत नसल्यासारखे. ध्वनीचे काम पाहणाऱ्या वॉल्टर मर्च यांनी तेथे जवळून जाणाऱ्या रेल्वेचा कर्कश आवाज चढत नेला आहे. ती रेल्वे पडद्यावर कुठेच दिसत नाही. ती मायकेलच्या डोक्यात धावत असते. गोळीबार काही क्षणांत संपतो, पण आपल्या लक्षात राहतो तो त्याआधीचा चेहरा, कारण एक सरळमार्गी तरुण दुसराच कोणी होऊन जातो ते त्या चेहऱ्यावर, आपल्या देखत. निर्मितीसंस्थेला सुरुवातीला पचिनो या भूमिकेसाठी नको होता, आणि हे दृश्य पाहिल्यानंतर ती शंका मावळली, हे आता सर्वश्रुत आहे. ‘चेहऱ्यावर काहीच दिसत नाही’ अशी तक्रार ज्या अभिनयाविषयी होऊ शकते, त्याच अभिनयाने तो चित्रपट तोलून धरला.

मर्च यांचे आणखी एक निरीक्षण आम्हा संकलकांच्या पिढ्यांना उपयोगी पडले आहे. 1974 सालचा ‘द कॉन्व्हर्सेशन’ जोडताना त्यांच्या ध्यानात आले की जेथे त्यांना कट घ्यावासा वाटतो, त्याच्या अगदी जवळ जीन हॅकमनची पापणी लवलेली असते. एक विचार संपतो तेथे माणूस पापणी मिटतो. अभिनेता त्या पात्राचे विचार खरोखरच करत असेल तर त्याची पापणीही त्याच लयीत लवते. मी हे माझ्या टेबलावर असंख्य वेळा पडताळून पाहिले आहे. पाठ केलेले वाक्य म्हणणाऱ्या अभिनेत्याची पापणी भलत्याच ठिकाणी लवते, वाक्याच्या मध्ये किंवा प्रकाश डोळ्यांत गेल्यावर, आणि प्रेक्षकाला कारण सांगता आले नाही तरी त्या माणसावर त्याचा विश्वास बसत नाही.

येथे एक आक्षेप येऊ शकतो आणि तो रास्त आहे. चेहरा कोरा ठेवला की प्रेक्षक त्यात हवे ते भरतो, हे तर दिग्दर्शक लेव्ह कुलेशॉव्ह यांनी 1920 च्या आसपास रशियात करून दाखवले होते. मोझुखिन या नटाचा एकच निर्विकार क्लोजअप सूपची थाळी, शवपेटी अशा वेगवेगळ्या दृश्यांशेजारी जोडला, तेव्हा लोकांना त्यात कधी भूक दिसली, कधी शोक. मग अभिनयाचे श्रेय ते काय? 1933 सालच्या ‘क्वीन क्रिस्टिना’ची अखेर याच तत्त्वावर उभी आहे. दिग्दर्शक रूबेन मामूलियन यांनी ग्रेटा गार्बोला शेवटच्या शॉटमध्ये कशाचाही विचार न करण्यास आणि चेहऱ्याचा नुसता मुखवटा करण्यास सांगितले होते. जहाजाच्या टोकाशी उभ्या असलेल्या त्या राणीच्या चेहऱ्यावर प्रेक्षकांनी दुःख वाचले, निश्चय वाचला, मुक्तीही वाचली.

परंतु तो शॉट चित्रपटाच्या पहिल्या मिनिटाला ठेवला असता तर तो एका सुंदर स्त्रीचा शॉट ठरला असता, त्याहून जास्त काही नाही. तो रिकामा चेहरा भरून आला, कारण त्याआधी तासाहून अधिक काळ तिचे हट्ट, तिचे प्रेम आणि तिने सोडलेले राज्य आपण पाहिलेले असते. राखून ठेवायला आधी जवळ काहीतरी असावे लागते. हल्ली काही तरुण अभिनेते संयमाच्या नावाखाली नुसतेच थंड राहतात. कॅमेऱ्याला ते लगेच कळते आणि टेबलावर त्याहून लवकर कळते. पत्राची घडी घालणाऱ्या बाई रडणे टाळण्याचा प्रयत्न करत होत्या की त्यांना रडू येतच नव्हते, हे मला आजही सांगता येणार नाही, पण ती घडी चुकली तेव्हा त्यांचे लक्ष पूर्णपणे त्या पत्रात होते, याविषयी मला शंका नाही.

भावना पुढे ठेवायची की मागे, हा निर्णय काही वेळा अभिनेत्याच्या हातून दिग्दर्शकाच्या हाती जातो. ‘पथेर पांचाली’मध्ये (1955) हरिहर फार दिवसांनी घरी परततो, सर्वांसाठी आणलेल्या वस्तू एकेक करून दाखवतो आणि मुलगी दुर्गा हिच्यासाठी आणलेली साडी पुढे करतो. दुर्गा गेल्याचे त्याला ठाऊक नसते. त्याची पत्नी सर्वजया ती साडी हातात घेते आणि कोसळते. त्या क्षणी सर्वजया झालेल्या करुणा बॅनर्जी तोंड उघडून आक्रोश करत आहेत, पण त्यांचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही. सत्यजित राय यांनी त्या जागी तारशहनाई या तंतुवाद्याचा टिपेचा सूर ठेवला. आक्रोश पडद्यावर दिसतो आणि कानांना मात्र दुसरेच काही ऐकू येते, तेव्हा तो आक्रोश आपण आपल्याच मनात ऐकतो. मी हे दृश्य शिकवताना पुष्कळदा दाखवले आहे. नंतर विचारले असता निदान एक-दोघे तरी ठामपणे सांगतात की तिच्या रडण्याचा आवाज त्यांना ऐकू आला होता.

यासुजिरो ओझू यांच्या ‘टोकियो स्टोरी’त (1953) तर एवढाही सूर नाही. वृद्ध पत्नी पहाटे जाते. पती घरात नसतो म्हणून सून त्याला शोधत बाहेर येते, तर तो उभा राहून सूर्योदय पाहत असतो, आणि तिला म्हणतो की पहाट सुंदर होती, आजही उकडणार असे दिसते. पतीची भूमिका करणारे चिशू र्यू हे काम करत होते तेव्हा त्यांनी पन्नाशीही गाठलेली नव्हती, आणि त्यांच्या थोरल्या मुलाची भूमिका करणारे सो यामामुरा त्यांच्याहून जेमतेम सहा वर्षांनी लहान होते. हे सांगितल्यावर लोकांना आश्चर्य वाटते. वार्धक्य त्यांनी रंगभूषेपेक्षा गतीतून आणले: प्रत्येक उत्तराआधीचा एक हुंकार, मान वळवण्याआधी घेतलेला वेळ, बसताना जमिनीचा घेतलेला अदमास. पात्राचा विचार ज्या वेगाने चालतो त्याच वेगाने शरीर चालले, की वयाचे गणित प्रेक्षकाच्या मनातही येत नाही.

शरीराविषयी लिहायला लागल्यावर मला थांबणे कठीण जाते, कारण लकब आणि सवय यांत नेहमी गल्लत होते. लकब अभिनेता बाहेरून चिकटवतो. मान तिरकी करणे, एखादा शब्द ओढून म्हणणे, मिशीला पीळ देणे, या गोष्टी नकलाकारांच्या कामी येतात आणि काही वर्षे चालतातही. सवय मात्र पात्राच्या आयुष्यातून आलेली असते. ‘दो बीघा जमीन’साठी (1953) बलराज साहनी यांनी हातरिक्षा ओढण्याचा सराव केला होता. त्याचा परिणाम केवळ रिक्षा ओढण्याच्या दृश्यांत दिसतो असे नाही. त्यांचा शंभू नुसता उभा असतो तेव्हाही त्याचे खांदे ओझ्याच्या तयारीत असतात. चार्ली चॅप्लिनचा भटक्या 1914 साली पडद्यावर आला तो सैल विजार, तंग कोट, मोठे बूट आणि लहान टोपी घालून. ही वेशभूषा एवढी ओळखीची झाली की तिचा अर्थ पाहायचे राहून जाते. अंगावरचा एकही कपडा त्याच्या मापाचा नाही, आणि तरीही तो प्रत्येक कपडा प्रतिष्ठित माणसाच्या ऐटीत वागवतो. तो कोण आहे आणि त्याला कोण व्हायचे आहे, हे दोन्ही एकाच वेळी दिसते. एखाद्या पात्रात अशी दोन विरुद्ध दिशांची ओढ असली की ते एका दृष्टिक्षेपात संपत नाही.

हातातल्या वस्तूही हेच काम करतात. ‘ऑन द वॉटरफ्रंट’मध्ये (1954) मार्लन ब्रँडो आणि इव्हा मेरी सेंट चालत असताना तिचा हातमोजा खाली पडतो. तो उचलून परत करण्याऐवजी ब्रँडो तो हातात खेळवत राहतो, आणि बोलता बोलता स्वतःच्या हातात घालतो. हे पटकथेत नव्हते. तालमीत मोजा खरोखरच पडला होता आणि ते तसेच ठेवले गेले. ती मोज्यासाठी थांबते, त्यामुळे तिला निघून जाता येत नाही. त्याला तिच्या जवळ जायचे असते आणि तसे बोलता येत नसते. संवाद भलत्याच गोष्टीविषयी चाललेला असतो आणि खरे बोलणे मोज्यातून होते. पटकथेत ‘तो तिच्याकडे आकर्षित होतो’ असे लिहिलेले असले तरी ते वाक्य छायाचित्रित करता येत नाही. हातमोजा करता येतो.

आता संवादांविषयी. गाजलेल्या संवादांमुळे पात्र टिकते हे अर्धेच खरे आहे. ‘शोले’ (1975) च्या बाबतीत संवादांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या होत्या, लोकांनी त्या पाठ केल्या, आणि गब्बरसिंग घराघरांत पोहोचण्यात त्या पुनरावृत्तीचा मोठा हात होता, हे मान्यच केले पाहिजे. पण त्याचे पहिले दृश्य एकदा संकलकाच्या नजरेने पाहावे. तो पडद्यावर यायला तासाभराचा अवकाश जातो, आणि तोपर्यंत त्याची दहशत इतरांच्या तोंडून आणि चेहऱ्यांवरून आपल्यापर्यंत पोहोचलेली असते. येतानाही आधी येतात ते बूट, खडकावर फरफटणारा पट्टा आणि त्याचा आवाज, चेहरा नंतर. हार खाऊन आलेल्या आपल्याच टोळीतल्या तिघांशी तो जे करतो त्यात भीती कशाची आहे? तो क्रूर आहे हे आपल्याला आधीच सांगितलेले असते. भीती त्याच्या पुढच्या क्षणाची आहे. तो हसतो, सगळी टोळी हसू लागते, तिघेही सुटल्यासारखे हसू लागतात, आणि मग गोळ्या सुटतात. अमजद खान यांच्या चेहऱ्यावर निर्णय कोणत्या क्षणी झाला हे कितीही वेळा पाहिले तरी नेमके सांगता येत नाही. तो माणूस असा का झाला, त्याचे बालपण कसे होते, याविषयी चित्रपट चकार शब्द काढत नाही. आज हीच व्यक्तिरेखा लिहिली गेली तर तिला एखादी दुःखद पूर्वकथा जोडण्याचा मोह लेखकाला होईल, आणि तेथेच ती लहान होईल.

त्याच सुमाराचा ‘सामना’ मला या संदर्भात नेहमी आठवतो, कारण तेथे सत्ता अगदी वेगळ्या आवाजात बोलते. विजय तेंडुलकरांनी लिहिलेल्या आणि जब्बार पटेलांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटात निळू फुले यांचा हिंदुराव धोंडे पाटील दारूच्या नशेतल्या एका अनोळखी मास्तराला स्वतःच्या वाड्यात आणून ठेवतो. त्याची बडदास्त ठेवतो, त्याला आपले राज्य दाखवतो. फुले यांचा आवाज बहुतेक वेळा खालच्या पट्टीत असतो. ज्याला ओरडण्याची गरज पडत नाही अशा माणसाचा तो आवाज आहे. समोर डॉ. श्रीराम लागू यांचा मास्तर एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत राहतो: मारुती कांबळेचे काय झाले. या दोन पात्रांच्या इच्छा इतक्या स्पष्ट आहेत की त्या एकेका ओळीत सांगता येतात. एकाला उत्तर हवे आहे. दुसऱ्याला ते द्यायचे नाही, पण विचारणाऱ्याच्या नजरेत मात्र मोठेही राहायचे आहे. हिंदुरावाच्या या दुसऱ्या इच्छेमुळे तो नेहमीचा खलनायक राहत नाही. त्याला मास्तराला सहज हाकलून देता आले असते, आणि तो हाकलत का नाही, हे आपण चित्रपटभर त्याच्या डोळ्यांत शोधत राहतो.

भूमिकेची लांबी आणि तिचा टिकाऊपणा यांचा संबंध किती कमी आहे, हे विद्यार्थ्यांना मी आवर्जून सांगते, कारण काम किती मिनिटांचे आहे या हिशेबात चांगल्या भूमिका हातच्या जातात. ‘नेटवर्क’मध्ये (1976) बिॲट्रिस स्ट्रेट जेमतेम पाच मिनिटे दिसतात आणि त्या कामासाठी त्यांना ऑस्कर मिळाले. दुसऱ्या स्त्रीविषयी नवऱ्याकडून ऐकणारी बायको, एकच मोठे दृश्य, आणि त्यात संताप, अपमान, रडणे आणि शेवटी त्याचीच विचारपूस, असा सगळा प्रवास. ‘द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स’ (1991) दोन तासांचा आहे आणि अँथनी हॉपकिन्स त्यात पंचवीस मिनिटांपेक्षाही कमी वेळ दिसतात. पण त्यांच्या पहिल्या दर्शनाआधी किती तयारी आहे ते पाहावे: सूचना, इशारे, एकामागून एक लोखंडी दारे, बाकीच्या कोठड्यांतले अस्वस्थ कैदी, आणि मग एका कोठडीच्या मध्यभागी अगदी सरळ, स्थिर उभा असलेला सभ्य माणूस. तो आधीपासून वाट पाहत उभा होता, एवढेच आपल्याला कळते आणि तेवढे पुरते.

या उदाहरणांतून दिसेल की पात्र एकट्या अभिनेत्याने उभे राहत नाही. समोरच्याच्या चेहऱ्याशिवाय दहशत नसते, प्रेम नसते, मोठेपणही नसते. राजा राजा वाटतो तो भोवतालचे लोक वाकतात म्हणून, हे रंगभूमीवरचे जुने शहाणपण आहे, आणि संकलनात ते अक्षरशः खरे ठरते. संवादाच्या दृश्यात मी बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्यावर जास्त वेळ थांबते. नवशिक्या अभिनेत्याची परीक्षाही मी तेथेच घेते: समोरच्याचे वाक्य चालू असताना हा ऐकतो आहे, की आपल्या वाक्याची वाट पाहतो आहे? वाट पाहणाऱ्याच्या डोळ्यांत एक प्रकारची तयारी असते, ती लपत नाही. अशा वेळी माझ्याकडे रिॲक्शन शॉट म्हणून वापरण्यासारखे काहीच उरत नाही, आणि मग ते पात्र फक्त बोलताना दिसते. नुसते बोलताना दिसणारे पात्र प्रेक्षकाच्या जवळ येत नाही.

इतरांच्या नजरेतून पात्र घडवण्याचे सर्वात धाडसी उदाहरण मला अकिरा कुरोसावा यांच्या ‘इकिरू’मध्ये (1952) दिसते. पोटाचा कर्करोग झालेला वातानाबे हा सरकारी अधिकारी चित्रपटाचा नायक, आणि चित्रपटाचा बराच भाग शिल्लक असताना तो मरून जातो. उरलेल्या भागात त्याच्या श्राद्धाला जमलेले सहकारी दारू पीत त्याच्याविषयी बोलतात, कोणी श्रेय नाकारते, कोणी गहिवरते, आणि त्या विस्कळीत आठवणींतून आपल्याला तो शेवटच्या महिन्यांत काय करत होता ते कळते. बर्फ पडत असताना झोपाळ्यावर बसून गाणारा, वातानाबे झालेला ताकाशी शिमुरा आपल्याला दिसतो तोही एका पोलिसाच्या आठवणीतून. आपण त्याच्याविषयी ऐकतो, जुळवतो, सहकाऱ्यांचे म्हणणे खोडून काढतो, आणि चित्रपट संपेपर्यंत त्या माणसाचे सर्वात जवळचे साक्षीदार आपणच झालेले असतो.

संकलनात पात्र बिघडतेही, आणि ते बहुधा जास्त दाखवल्यामुळे बिघडते. मला मिळणाऱ्या कच्च्या जोडणीत जवळजवळ नेहमी एखादे वाक्य असे असते ज्यात पात्र स्वतःचा स्वभाव समजावून सांगते: मी असा आहे कारण माझ्यावर असे बेतले. ते वाक्य काढून पाहावे, असा मी आग्रह धरते. दहापैकी आठ वेळा दृश्याला काही होत नाही, उलट त्याआधीची शांतता अर्थपूर्ण होते. दिग्दर्शकाची भीती समजण्यासारखी असते, प्रेक्षकाला कळले नाही तर काय, अशी. पण जे सांगून टाकले ते प्रेक्षकाने शोधायचे काही उरत नाही. डबिंगमध्येही असेच नुकसान होते. चित्रीकरणाच्या वेळी जागेवरच मुद्रित केलेल्या तात्पुरत्या आवाजात, म्हणजे पायलट ट्रॅकवर, एखाद्या शब्दाआधी अडखळलेला श्वास असतो, घोटलेला आवंढा असतो. स्टुडिओत तेच वाक्य स्वच्छ, स्पष्ट आणि ओठांशी बरोबर जुळवून म्हटले जाते, आणि तो श्वास हरवतो. अशा वेळी पायलटमधला श्वास तेवढा काढून नव्या आवाजाआधी बसवण्याची खटपट मी अनेकदा केली आहे.

काळाविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण टिकणे हे काही अंशी निव्वळ वस्तूचे टिकणेही आहे. कार्ल ड्रायर यांच्या 1928 सालच्या मूकपटात रने फाल्कोनेट्टी यांनी केलेली जोन ऑफ आर्क आज अभिनयाच्या इतिहासातील शिखरांपैकी मानली जाते. रंगभूषा नसलेला चेहरा आणि जवळजवळ संपूर्ण चित्रपटभर क्लोजअप. पण मूळ निगेटिव्ह आगीत नष्ट झाली होती, आणि पूर्ण प्रत 1981 साली ऑस्लोतील एका मनोरुग्णालयात सापडली. ती सापडली नसती तर त्या अभिनयाविषयी आपण तुकड्या-तुकड्यांवरून बोलत राहिलो असतो. किती थोर अभिनय असे कायमचे गेले असतील, या विचाराने मला अजूनही अस्वस्थ होते. ज्याच्या प्रती उरल्या, जो पुन्हा पुन्हा दाखवला गेला, तोच टिकण्याच्या स्पर्धेत राहतो. त्यामुळे विस्मरणात गेलेले प्रत्येक काम कमअस्सल होते असे कोणी समजू नये.

म्हणून विद्यार्थ्याला माझे सांगणे आहे की आवडलेल्या पात्राचे एक दृश्य निवडावे आणि ते आधी आवाज बंद करून पाहावे. पात्र काय म्हणते ते विसरून, ते कोणत्या क्षणी ठरवते एवढेच शोधावे आणि तेथे चित्र थांबवावे. मग दोन सेकंद मागे जाऊन त्या निर्णयाच्या आधीचा चेहरा पाहावा. यासाठी मी स्वतः चॅप्लिनच्या ‘सिटी लाइट्स’ची (1931) अखेर वापरते. दृष्टी परत आलेली फुलवाली दयेपोटी समोरच्या भटक्याला फूल आणि नाणे देऊ करते. नाणे ठेवताना तिचा हात त्याच्या हाताला लागतो, आणि अंधपणी ओळखीचा असलेला तो स्पर्श तिला कळतो. तिची बोटे त्याच्या हातावरून कोटाच्या बाहीपर्यंत जातात. ओळख पटते ती बोटांना आधी आणि डोळ्यांना नंतर, आणि त्या दोहोंमधल्या क्षणात तिच्या चेहऱ्यावर जे येते त्याला आनंद म्हणता येत नाही, निराशाही म्हणता येत नाही. तो फूल तोंडाशी धरून हसतो, कारण तिला काय वाटले हे त्यालाही कळलेले नसते. तेथेच चित्र काळे होते. ती त्याला दुकानात आत बोलावते की नाही, यावर माझ्या वर्गात दरवर्षी वाद होतो, आणि दोन्ही बाजूंचे विद्यार्थी पुराव्यासाठी पुन्हा त्या बोटांकडेच जातात.